लग्नाआधी सांगा म्हणे

परवा आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, चीनमध्ये बघा कसला भारी कायदा आहे, लग्नाआधी गंभीर आजार लपवला तर लग्नच रद्द, आपल्याकडेपण पाहिजे. खाली धडाधड अंगठे. मी एचआयव्ही समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे गप्प बसवेना.

कायदा खरा आहे. १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या नव्या नागरी संहितेत आला, कलम १०५३. आजार लपवला हे कळल्यापासून वर्षाच्या आत कोर्टात जायचं. त्याच महिन्यात शांघायच्या एका कोर्टानं असं एक लग्न रद्द केलंसुद्धा. नवऱ्यानं एचआयव्ही लपवलेला, बायको गरोदर होती, कळल्यावर तिनं मूल पाडलं. तिला लागण झाली नव्हती. सुटली बिचारी, चांगलंच झालं.

पण जिला लग्नानंतर, नवऱ्याकडूनच आजार आला तिचं काय?

हेनान प्रांत आठवा. नव्वदच्या दशकात तिथे गावंच्या गावं रक्त विकत होती. एका वेळचे पन्नासेक युआन मिळायचे, त्यात खतं, पोरांची फी, विटांचं घर. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, काढून घ्यायचे आणि उरलेल्या लाल पेशी सगळ्यांच्या एकत्र करून परत अंगात सोडायचे, म्हणजे माणूस लवकर पुन्हा विकायला तयार! एकाचा एचआयव्ही सगळ्यांना. बायकांनीपण रक्त विकलं, आणि ज्यांनी नाही विकलं त्यांना नवऱ्याकडून मिळाला. गाव त्याला रक्ताचा आजार म्हणणार की चारित्र्याचा, हे बरेचदा तो आधी कुणाला झाला यावर ठरतं. बाईला झाला की ती पांढऱ्या पायाची. हा शब्द आपला, पण माणसं तीच हो.

डॉ. गाओ याओजिए स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, पावलं छोटी राहावीत म्हणून लहानपणी पाय बांधलेल्या पिढीतल्या. १९९६ मध्ये त्यांच्यासमोर एक बाई आली, ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून एड्स झालेली. तिथून या म्हातारीनं गावोगाव फिरून हे बाहेर काढलं. बक्षीस काय, तर घरात नजरकैद. २००९ मध्ये अमेरिकेला गेल्या, २०२३ मध्ये तिकडेच वारल्या.

आणि थोंगछी विसरू नका, म्हणजे समलिंगी पुरुषांच्या बायका. घरच्यांना सून पाहिजे, नातू पाहिजे, म्हणून पोराचं लग्न लावून द्यायचं. बाईला काही माहीतच नसतं, आणि एखादीला तर गरोदरपणातल्या तपासणीत एचआयव्हीचा रिपोर्टच हातात पडतो. आता सांगा, लग्नाआधी तिनं काय सांगायला हवं होतं?

औषध आहे हो. २००३ पासून तिथलं सरकार गोळ्या फुकट देतंय, त्या नेमानं घेतल्या आणि व्हायरस रिपोर्टमध्ये दिसेनासा झाला की जोडीदाराला लागण होत नाही. पण घरात सासूच्या देखत रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची म्हणजे काय, हे त्या बाईलाच विचारा. माझ्याकडे येणाऱ्या बायका डाळीच्या डब्यात ठेवतात, त्यामुळे तिकडच्या कुठे ठेवत असतील याचा मला अंदाज आहे.

अजून एक, त्याच संहितेत राजीखुशीच्या घटस्फोटाला ३० दिवस थांबायची अट आहे. तेवढ्यात दोघांपैकी कुणीही अर्ज मागे घेऊ शकतं. म्हणजे नवऱ्यानं घेतला तर बाई पुन्हा त्याच घरात, त्याच डब्याशी.