लिंकन सेंट: किती पाडली आणि किती उरली

अमेरिकेच्या जुन्या लिंकन सेंटविषयी, म्हणजे अब्राहम लिंकनची छबी असलेल्या एक सेंटच्या नाण्याविषयी, एक दावा सतत फिरत असतो: जे नाणे कमी संख्येने पाडले तेच दुर्मिळ, काळवंडलेले नाणे उजळून घेतले की त्याची श्रेणी (स्थितीचा दर्जा) वाढते, आणि वर्ष व टांकसाळीचे अक्षर (नाणे कोणत्या टांकसाळीत पाडले हे सांगणारे) जुळले की नाणे खरे. झिजलेल्या नाण्यांपुरता यातला पहिला भाग बराचसा चालून जातो; उच्च श्रेणीत मात्र तोही टिकत नाही.

सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. 1931 मध्ये तिथे 8 लाख 66 हजार सेंट पाडले गेले, तर 1926 मध्ये 45 लाख 50 हजार, म्हणजे पाचपटींहून अधिक. तरीही 1931 चे न वापरलेले नाणे आज फारसे न शोधता मिळते, कारण आकडा लहान असल्याचे कळताच साठेबाजांनी ती नाणी बाजूला काढून ठेवली. 1926 च्या नाण्यांची अशी कदर कोणी केली नाही. ती व्यवहारात फिरून झिजली, शिवाय जुनाट ठशांमुळे त्यांतल्या पुष्कळ नाण्यांवर नक्षी मुळातच पुसट उमटली होती. त्यामुळे नाण्याच्या स्थितीला 1 ते 70 गुण देणाऱ्या शेल्डन मापनात 65 गुण मिळवणारे आणि मूळ लाली राखलेले 1926 चे नाणे या मालिकेत अत्यंत विरळ आहे. याउलट, ज्याचा एवढा गाजावाजा होतो ते याच टांकसाळीचे 1909 चे ‘व्ही. डी. बी.’ नाणे, केवळ 4 लाख 84 हजार पाडलेले असूनही, चांगल्या स्थितीत बऱ्यापैकी उरले आहे. या नाण्याची रचना करणारे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची ही आद्याक्षरे टीकेमुळे काही दिवसांतच काढली गेली आणि लोकांनी नवलाई म्हणून ती नाणी जपली. त्याची किंमत चढी आहे ती मुख्यतः मागणीमुळे.

उजळण्याचा सल्ला तर सरळ नुकसानीचा आहे. या नाण्यात 95 टक्के तांबे असते, आणि परीक्षक लाल, लाल-तपकिरी व तपकिरी असे वर्ग करतात ते मूळ रंग किती टिकला यावरून. चिंचेने घासलेला तांब्या देवघरात शोभतो. घासलेल्या नाण्याला मात्र प्रमाणीकरण संस्था सहसा गुणांकच देत नाहीत.

राहिला खरेपणा. डेन्व्हरच्या 1944 च्या सेंटमधला पहिला 4 कोरून त्याचा 1 करायचा आणि ते महागडे 1914 चे म्हणून विकायचे, ही जुनी लबाडी आहे. भिंगातून लिंकनच्या खांद्याची कड पाहावी: तिथे ‘व्ही. डी. बी.’ दिसले तर नाणे 1914 चे असूच शकत नाही, कारण ती अक्षरे खांद्यावर 1918 मध्ये आली.