एक मडकं आणि माझं चाळीस किलो

गोव्यात लोकसंगीताच्या मेळात बेस गिटार वाजवायची तर आधी घुमटाची परवानगी काढावी लागते. खालचे सूर धरून ठेवायचं जे काम इतर ठिकाणी बेसवाला करतो, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या एक मातीचं मडकं करत आलं आहे, आणि अत्यंत उत्तम करत आलं आहे. मोठ्या तोंडावर चामडं, छोटं तोंड उघडं. उजव्या हाताने थाप मारायची, डाव्या तळव्याने छोटं तोंड झाकत-उघडत सूर वाकवायचा. वीज नको, वायर नको. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तर त्याच्या वाटेला जायची सोयच उरली नाही. माझ्या वाद्याला सरकारने अद्याप काहीच जाहीर केलेलं नाही. आमच्या आईने केलंय. अडगळ.

आमचा मेळ फोंड्याच्या बाजूचा. दोघं गाणारे, व्हायोलिन, पेटी, शामेळ (मातीचा ढोल), कासाळी (झांजा), घुमट आणि सगळ्यात मागे, पडद्यात अर्धा गुंडाळलेला मी. घुमटावर आहेत ते काका. रक्ताच्या नात्याचे नव्हेत, पण गावात त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही. पहिल्या तालमीला त्यांनी माझी गिटार निरखली, तारा मोजल्या आणि विचारलं, "चारच? बाकीच्यो दोन खंय गेल्यो?"

म्हटलं, काका, बेसला चारच असतात.

"मग भाव कमी करून घेतला असशील."

घेतला होता, पण त्याचं कारण वेगळं. गिटार विकणारा बोटीवर नोकरीला निघाला होता आणि त्याला निघायची घाई होती. गोव्यात जुनी वाद्यं स्वस्तात हवी असतील तर कोण कधी बोटीवर जातंय याच्यावर डोळा ठेवावा. फक्त असा निघालेला माणूस अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं जड खोकं, सोबत घ्यायलाच लावतो, कारण ते त्यालाही कुठे ठेवता येत नसतं.

1951 मध्ये लिओ फेंडर या अमेरिकन गृहस्थाने आपली बेस गिटार बाजारात आणली. त्याआधी बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं धरायचं लाकडी धूड. ते न्यायचं कसं आणि गर्दीत ऐकवायचं कसं, ही वादकांची रड होती. फेंडरसाहेबांनी वाद्य गळ्यात अडकवण्याइतकं लहान केलं आणि राहिलेलं सगळं वजन अँपमध्ये भरलं. गिटार, अँप, स्टँड आणि वायरींची पिशवी मिळून माझं सामान चाळीस किलोच्या घरात जातं. घुमट काका गळ्यात अडकवून येतात, वर दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते.

एकदा पणजीत बस चुकली म्हणून पायलट केला. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाड्याने नेणारा. विमानाचा संबंध नाही.) त्याने अँपकडे बघितलं, गिटारकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून मनापासून विचारलं, "आनी तूं खंय बसतलो?"

दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत तर वेगळंच. गिटारची लांब पिशवी आडवी ठेवली होती, निमुळतं टोक बाकाखालून बाहेर आलेलं. शेजारच्या आजोबांनी चौकशी केली, मी सांगितलं की घुमटाच्या मेळात असतो. त्यांनी त्या टोकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घोरपड व्हरता कितें रे?" पूर्वी घुमटाला घोरपडीचं चामडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला हात लावणं गुन्हा झाला, आता बकऱ्याचं चामडं वापरतात. मी पिशवी उघडून दाखवली. आजोबांची निराशा झाली, हे मला स्पष्ट दिसलं.

तारांचा विषय घरात काढू नये असा नियम आहे, तो इथे मोडतो. बेसच्या तारांचा बरा संच घ्यायचा तर दोन हजारांच्या पुढेमागे जातात, आणि किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत त्या लवकर मरतात. घाम आणि मळ वळशांत बसला की आवाज बोदा होतो. यावर जगभरच्या गरीब बेसवाल्यांचा एक तोडगा आहे: तारा काढायच्या, पाण्यात उकळायच्या, कोरड्या पुसून परत चढवायच्या. मळ सुटतो आणि काही आठवडे निघतात. शास्त्रीय तोडगा आहे, पण त्याला पातेलं लागतं.

आमच्याकडे एवढ्या तोंडाचं पातेलं एकच, पेजेचं. रविवारी सकाळी मी वेटोळी करून तारा सोडल्या, आच मोठी केली आणि आई देवळातून यायच्या आत उरकू म्हणून घाई करत होतो. आई आली ती मावशीला घेऊन. मावशीने झाकण उचललं, काळपट पाण्यात फिरणारी वेटोळी पाहिली आणि सरळ विचारलं, "हे शाकाहारी आहे ना?" तेव्हापासून त्या पातेल्याचं सोवळं सुटलं ते सुटलंच. आई नवीन घेऊन आली, जुनं माझ्या नावावर झालं. घरातली माझी एकमेव स्थावर मालमत्ता.

पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, गिटारची मान वाकते, तारा फळीपासून वर उठतात. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती अ‍ॅलन किल्लीने पाव फेरा फिरवून मान ताळ्यावर आणायची. पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते. म्हणून जूनपासून गिटार कपाटात, खाली एक बल्ब कायम पेटता, आणि त्या कपाटातले माझे कपडे बाहेर दोरीवर, वाळायची वाट बघत. पावसाने घुमटाचं चामडंही सैल पडतं, पण काका ते चुलीपाशी जरा धरतात, दोन थापा मारतात आणि झालं.

घरी सराव करणं ही सामाजिक बाब आहे. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा सूर सेकंदाला 41 कंपनांचा. त्याची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब भरते. आमची बैठकीची खोली त्याच्या निम्मीही नाही. म्हणजे मी सूर माझ्या घरात सुरू करतो आणि तो संपतो शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात. त्यांनी फार दिवस काही म्हटलं नाही, मग एकदा आईला विचारलं, तुमचा पंप रात्री उशिरापर्यंत का चालतो? आईने सांगितलं, टाकी भरत नाही हो.

खरी वाटाघाट झाली ती काकांशी. "तू ढुम्म केलंस की माझं घुम्म खंय वता?" असा त्यांचा सवाल होता, आणि तो रास्त होता. दोन्ही आवाज एकाच मजल्यावर राहणारे. एकदम वाजले की नुसता चिखल होतो. मांडो, म्हणजे गोव्याचं कोंकणी गीत, बसवायला घेतला, तिथे तोडगा निघाला. मांड्याची चाल संथ, सहा मात्रांची. काकांनी बोटांवर वाटणी केली: "पयली तुजी, चवथी तुजी. मदल्यो सगळ्यो म्हज्यो." इतक्या चोख वाटण्या आमच्या भाटाच्याही (बागायतीच्याही) झालेल्या नाहीत. मांड्यामागून येणाऱ्या जलद दुलपदाला लय चढली की काका माझ्या चवथीवरही अतिक्रमण करतात. मी कोर्टात जात नाही.

कार्यक्रमांत साऊंडवाला हा दुसरा घुमटकार. गावच्या साऊंडवाल्यांचा असा दृढ समज आहे की स्टेजवरून येणारी 'गुंss' म्हणजे अर्थिंगचा बिघाड. मी वाजवायला लागलो की तो एकेक वायर काढून बघतो. माझी वायर काढली की बिघाड दूर होतो. मग तो लांबून मला अंगठा दाखवतो, मीही दाखवतो. वर कार्यक्रमाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, आणि मोबाइलच्या तेवढ्याशा स्पीकरला इतके खालचे सूर झेपतच नाहीत. त्यात मी डोळे मिटून, मान डोलवत काहीही न वाजवताना दिसतो. मामाने त्यावर उत्तर पाठवलं: अभिनय छान.

गेल्या चतुर्थीला डिचोलीच्या बाजूला एका गावात घुमट आरती होती. तिथल्या आरत्या मराठीतून, आणि त्या सावकाश उठून अशा चढत जातात की शेवटी घुमट, शामेळ, कासाळी यांतलं काही वेगळं काढता येत नाही. या चढणीसाठी मी महिनाभर एकाच सुरावर धावायचा सराव केला होता. दुसऱ्या आरतीला वीज गेली. पेटी, घुमट, शामेळ, गाणारे, कुणाचंही काही अडलं नाही. गेली हे कळलेला माणूस मी एकटा. काकांनी डोळ्यांनीच खुणावलं आणि कुणीतरी कासाळ्यांची जास्तीची जोडी माझ्या हातात दिली. तास-दीड तास दणदणीत वाजवली.

निघताना यजमानांनी नारळ दिला, पुढच्या वर्षीचं आमंत्रण दिलं आणि काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या कासाळीवाल्याला नक्की आणा हं. आणि त्याला सांगा, ते खोकं उगाच वाहून आणू नको म्हणून."