गाऊन आणि लुगडं

मायला लकवा मारला त्याला दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. बहुतेकांच्या बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं, तिथं मार बसला की उजवे हातपाय आणि वाचा बरोबरच जातात, असं डॉक्टरांनी समजावलं. 'पण यांना कळतंय सगळं,' हेही ते म्हणाले होते. हे दुसरं वाक्य पुढं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. माझ्याही.

आम्ही दोघं नोकरीवाले, गावी औसा तालुक्यात मागं कुणी नाही. म्हणून तिला संभाजीनगरातल्या एका सेवा केंद्रात ठेवलं. जागा स्वच्छ होती, खोटं कशाला बोलू. दर दोन तासांनी कूस बदलायचे. चार महिन्यांत पाठीला एक जखम झाली नाही.

आठव्या दिवशी गेलो तर माय गाऊनमध्ये. फुलाफुलांचा, जेमतेम पिंढरीपर्यंत. केस कापलेले. 'उवा होतात सर, विंचरण्यात वेळ जातो.' साठ वर्षं नऊवारी इरकल नेसलेली बाई, टीव्हीवर बातम्या सांगणारा माणूस आला तरी पदर सावरणारी. मला बघून ती डावा हात सारखा डोक्याकडं न्यायली. मला वाटलं खाजतंय. तिथल्या मुलीला म्हटलं, डोकं बघा जरा. रात्री घरी ताटावर बसलो तेव्हा टाळक्यात उजेड पडला. ती पदर शोधत होती.

दुसरं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. लघवी लागली की माय पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटानं टकटक करायची. 'आज्जी, डायपर लावलंय ना, त्यातच करा.' पंधरा-वीस दिवसांत टकटक बंद झाली. फायलीत नोंद पडली, लघवीवर ताबा नाही. अहो, ताबा होता! आपणच मोडला.

त्या मुलीला दोष देत नाही. बारा तासांची ड्युटी आणि नऊ पलंग तिच्या एकटीकडं. दोष द्यायचा तर त्या फॉर्मला द्या, जो मीच भरला होता. बीपी, शुगर, कुठली गोळी चालत नाही, डिपॉझिट किती, सगळं विचारलं होतं. बाई काय नेसते, तिला कशी हाक मारायची, आंघोळ सकाळी लागते की दुपारी, यासाठी एक ओळ नव्हती. आणि मलाही ती मागावीशी वाटली नाही.

ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करून लेकरांकडून पोटगी मागता येते. निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याला किमान एक, दीडशे जणांचं वृद्धाश्रम असावं, असंही त्यात आहे. पोटगीत काय काय येतं, तर अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. वस्त्र! गाऊन हेही वस्त्रच की. कायद्यात बसतंय सगळं.

शेवटी तिला घरी आणलं. देखरेखीला एक ताई ठेवल्या, बीड जिल्ह्यातल्या. आधी ऊसतोडीला जायच्या, कंबर धरली तेव्हापासून हे काम करतात. ब्युरोवाला त्यांच्या पगारातून कापून घेतो, तो वेगळाच विषय. पहिल्या दिवशी मी दारातून बघत होतो. 'मायबाई, कुशीवर घेते बरं का,' म्हणाल्या आणि थांबल्या. हात लावला नाही. मायनं मान हलवली, मग चादरीला धरून अलगद वळवलं. ते थांबणं किती होतं? दोन-तीन सेकंद. चार महिन्यांत तेवढं तिला कुणी दिलं नव्हतं.

भरवायच्या आधी ताई तिला नीट बसवतात, हनुवटी जराशी खाली, चमचा अर्धाच. जेवल्यावर अर्धा तास आडवं करत नाहीत. गिळायचं नीट होत नसलं की अन्न श्वासनळीत जातं, न्यूमोनिया होतो. पातळ पाण्यानं ठसका लागतो, घट्ट चालतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून येळवशीला, म्हणजे रानात जाऊन जेवायच्या वेळ अमावस्येला, डॉक्टरांना विचारून घट्टसर आंबील दिली. पहिला चमचा तोंडात गेला तसे तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मी घाबरलो. ताई म्हणाल्या, 'काही नाही दादा, रानात गेल्यात त्या.'

टकटक परत यायला महिना लागला. ऐकू आली की हातातलं काम टाकून भांडं द्यायचं, एवढंच केलं. आता डायपर फक्त रात्री.

लुगड्याचं मात्र अवघड होतं. पलंगावर नऊवारी कसं नेसवणार? गल्लीतल्या शिंप्याला तिचं जुनं इरकल नेऊन दिलं. त्यानं दोन फेऱ्या चुकवल्या, तिसऱ्यांदा जमलं. पाठीला उघडं, बाजूला नाड्या, आणि खांद्यावर सुटा पदर शिवलेला. परवा चुलतमामा भेटायला आले. जिन्यात त्यांचा आवाज आला तसा मायचा डावा हात उचलला, आणि मामा चपला काढेपर्यंत पदर डोक्यावर होता.