‘पुरावा विज्ञानाचा, बाकी सगळी मतं’ या म्हणण्याला उत्तर

दहावीचा निकाल लागला की एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. माझ्या भाचीनं अकरावीला कला शाखा घ्यायचं ठरवलंय, तेव्हा तो कुणासाठी पाठवला होता हे वेगळं सांगायला नको. मजकूर थोडक्यात असा: विज्ञानाची पद्धत एकच, प्रयोग करा आणि सिद्ध करा. प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवता येत नाही ते ज्ञानच नव्हे. इतिहास लिहील त्याचा. भाषा-साहित्यात कुणी काहीही म्हणावं, चूक-बरोबर ठरवणार कोण? आकडे कधी खोटं बोलत नाहीत. आणि कला शाखेतल्या तज्ज्ञांचं आपापसात एकमत नसतं, यावरूनच काय ते समजा.

काकांनी तो वाईट हेतूनं पाठवला नव्हता. त्यांना तिच्या नोकरीची काळजी आहे आणि ती काळजी खरी आहे. पण नोकरी हा वेगळा विषय आहे. मजकूर सांगतो की या विषयांत विचार करायची पद्धतच नसते, आणि ते मला मान्य नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘विज्ञानाची पद्धत एकच.’ गणितापासून बघू. एका संख्येचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. शून्य घेतलंत तर ४१ येतात, एक घेतलात तर ४३, दोन घेतलेत तर ४७. सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत चाळीस वेळा करून बघितलं तरी दर वेळी मूळ संख्याच येते. चाळीसपैकी चाळीस प्रयोग यशस्वी झाले म्हणून दुसऱ्या एखाद्या विषयात लोक खूश होतील. गणितात याला सिद्धता म्हणत नाहीत, कारण ४० घेतले की उत्तर १६८१ येतं, म्हणजे ४१ गुणिले ४१. पोल्या या गणितज्ञानं १९१९ साली मांडलेलं एक अनुमान तर ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७ या संख्येपाशी पहिल्यांदा मोडतं. तोवरच्या सगळ्या संख्या त्याच्या बाजूनं साक्ष देतात. म्हणून गणित उदाहरणांवर विसंबत नाही. औषधांचं शास्त्र मात्र उदाहरणांवरच उभं आहे आणि तिथली भीती निराळी असते: कुठल्या रुग्णाला नवं औषध द्यायचं हे डॉक्टरनं ठरवलं तर त्याची आशाच निकालात उतरते. म्हणून १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत क्षयाच्या रुग्णांची वाटणी नशिबावर सोडली होती. विज्ञान शाखेच्या आतच पद्धती अशा बदलतात, कारण प्रत्येक विषयात फसायची जागा वेगळी असते.

‘प्रयोगशाळेत पुन्हा करून दाखवता येत नाही ते ज्ञान नव्हे.’ मग लोणारचं काय करायचं? बुलढाणा जिल्ह्यातलं ते जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसॉल्टमध्ये आहे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकात. त्यामुळे ते ज्वालामुखीचं तोंड असावं, ही शंका साहजिक होती. दुसरा संशय उल्केवर. आता दुसरी उल्का आणून दख्खनवर आपटून बघता येत नाही. संशोधकांनी तळाशी भोकं पाडून खडकाचे नमुने काढले आणि १९७३ साली निष्कर्ष मांडला. नमुन्यांतल्या फेल्डस्पार खनिजाची न वितळताच काच झालेली होती. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात आणि ती होण्यासाठी प्रचंड दाबाचा धक्का लागतो. ज्वालामुखीत उष्णता हवी तेवढी असते, असा धक्का नसतो. दोन संशयितांपैकी एकालाच सोडता येईल अशी खूण सापडली आणि निकाल उल्केच्या बाजूनं लागला. न्यायालयातही परिस्थितिजन्य पुरावा असाच तोलतात. १९८४ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी पाच सूत्रं घालून दिली. त्यांतलं एक असं की, आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरी कुठलीही शक्यता पुराव्यातून उरता कामा नये. भूशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश दोघंही पुन्हा न घडणाऱ्या घटनेबद्दल बोलतात, आणि दोघांचंही बोलणं काटेकोर असतं.

‘इतिहास लिहील त्याचा.’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागतं, कारण महाराष्ट्रात तरी कुणी असं म्हणू नये. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचंच बघा. उत्तरकालीन बखरींमुळे शके १५४९ चा वैशाख बराच काळ रूढ होता. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली शकावली, म्हणजे शकवार घटनांची टिपणवही, प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद निघाली. ही नोंद कशी आहे ते नीट बघा. ती एकटी तारीख देत नाही. संवत्सर, तिथी, वार, नक्षत्र असं सगळं एकदम सांगते, आणि पंचांगाचं गणित येणाऱ्या कुणालाही ते पडताळता येतं. त्या काळच्या इंग्रजी कालगणनेनं ती तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते, आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. मी स्वतः मागे मोजत जाऊन बघितलंय. कागद आणि पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत होतं, भाचीकडूनही करून घेतलं.

तरीही अभ्यासक एवढ्यावर थांबले नाहीत, कारण एक कागद म्हणजे एकच साक्षीदार. पुढे कवींद्र परमानंदाचं शिवभारत तंजावरच्या संग्रहातून मिळालं आणि १९२७ साली छापलं गेलं. परमानंद महाराजांचा समकालीन. त्यानंही फाल्गुन वद्य तृतीयाच सांगितलीय. राजस्थानातून जोधपूरकडची एक जुनी कुंडली मिळाली, तीही याच तिथीशी जुळते. मावळातलं देशमुखाचं घर, तंजावरची पोथी आणि जोधपूरचा संग्रह यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल असं मानायला आधार नाही. साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगत असतील तर त्या सांगण्याला वजन येतं, हा इतिहासाचा नियम आहे. उलट दहा बखरी एकाच जुन्या बखरीवरून उतरलेल्या असतील तर ते साक्षीदार दहा नव्हेत, एकच. हा निकष लावूनच १९ फेब्रुवारी पुढे आली आणि २००१ साली राज्य शासनानं ती स्वीकारली.

‘भाषेत कुणी काहीही म्हणावं.’ काहीही म्हणून तर बघा. मराठीतला ‘काम’ हा शब्द घेऊ. कुणी म्हणेल, तो संस्कृत ‘काम’ म्हणजे इच्छा, त्यावरूनच आला. शब्द हुबेहूब तोच आहे, आणखी पुरावा कशाला? भाषाशास्त्र हे मान्य करत नाही आणि का ते दाखवून देतं. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. संस्कृतातलं जोडाक्षर प्राकृतात दुहेरी व्यंजन होतं, मराठीत ते एकेरी होतं आणि आधीचा स्वर लांबतो. पंजाबी अजून प्राकृताजवळ थांबलीय, ती हत्थ, सत्त, दुद्ध म्हणते. कामाला पंजाबी काय म्हणते? कम्म. म्हणजे मूळ शब्दात जोडाक्षर होतं, आणि ते ‘कर्म’मध्ये आहे, ‘काम’मध्ये नाही. एवढ्यानं पटत नसेल तर दुसऱ्या बाजूनं तपासा. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ‘म’ मराठीत ‘व’ होतो: ग्रामचं गाव, नामचं नाव. इच्छेच्या अर्थाचा ‘काम’ याच वाटेनं आला असता तर आज आपण ‘काव’ म्हणत असतो. दोन वेगळे नियम, दोन्हींचं उत्तर एकच. दिसायला सारखा म्हणून पकडलेला शब्द इथे टिकत नाही.

आणि हे शास्त्र भाकीतही करतं. एकविशीतल्या फर्दिनां द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञानं १८७८ साली असं मांडलं की, संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या मूळ भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे यांपैकी कुठल्याच भाषेत शिल्लक नाहीत. स्वरांच्या बदलांची संगती त्याशिवाय लागत नव्हती. ऐकलेला असा एकही ध्वनी त्याच्याकडे नव्हता. पुढे तुर्कस्तानात मातीच्या विटांवरची हित्ती ही याच कुळातली प्राचीन भाषा वाचता आली आणि १९२७ साली कुरिलोविच या पोलिश अभ्यासकानं दाखवून दिलं की, सोस्यूरनं सांगितलेल्या कित्येक जागी हित्तीमध्ये ‘ह’सारखं व्यंजन प्रत्यक्ष लिहिलेलं आहे. तोवर सोस्यूरला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

‘आकडे खोटं बोलत नाहीत.’ अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. आकडा बरोबर होता. विभागवार बघितल्यावर मात्र बहुतेक विभागांत स्त्रियांवर अन्याय झाल्याचं दिसेना, काही ठिकाणी तर त्यांचंच प्रमाण जास्त होतं. जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणं कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. त्यांचे अर्ज तिकडेच का वळले, हे त्या तक्त्यात लिहिलेलं नाही. त्यासाठी शाळेत, घरात, मुलींना काय सांगितलं जातं तिथवर जावं लागतं, आणि ते काम समाजशास्त्राचं आहे.

राहिलं ‘एकमत नसतं’. विज्ञानातही ते नेहमी असतं असं नाही. लोणारचं वय एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार. यावरून भूशास्त्र निकालात काढावं असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथानं, चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. जिंकण्यासाठी केला तो जल्प, स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची पाडायची ती वितंडा. वादात मात्र दोन्ही बाजूंना प्रमाणं द्यावी लागतात. म्हणजे मतभेद आहेत की नाहीत, यापेक्षा ते कशाच्या आधारावर चाललेत हे विचारायला हवं.

पुण्यातल्या भांडारकर संस्थेनं केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुन्या हस्तलिखितांची तुलना करून ठरवलेली संहिता, भाचीला दाखवायला मी तिला एका ग्रंथालयात घेऊन गेले. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते काम चाललं. जमवलेली हस्तलिखितं १२५९. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी यांच्यात एखादा श्लोक सारखा निघाला तर त्याला मोठी किंमत, कारण इतक्या लांबच्या दोन परंपरांनी एकमेकांचं उतरवून घेतलं असण्याचा संभव कमी. जन्मतिथीच्या वेळचाच नियम. याच कसोटीवर गणपतीनं महाभारत लिहून घेतल्याची कथा मूळ संहितेतून बाहेर पडली आणि परिशिष्टात गेली. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्यही मूळ संहितेत राहिलं नाही. लोकांना प्रिय असलेल्या गोष्टी बाजूला ठेवताना संपादक सुखठणकरांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण पोथ्यांनी सांगितलं ते त्यांनी मानलं. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळातून त्याची एक फार जुनी पोथी हाती आली, आणि तिनं त्यांच्या निर्णयांना मोठा दुजोरा दिला.

भाचीचं लक्ष पानावरच्या एका बारीकशा गोष्टीकडे गेलं. काही शब्दांखाली नागमोडी रेघ होती. तिनं विचारलं, मावशी, ही छपाईतली चूक आहे का? मी म्हटलं, नाही गं, जिथे संपादकांची खात्री नव्हती तिथे त्यांनी ती मुद्दाम काढलीय. मग ती खालच्या पाठभेदांत बोट फिरवत कुठल्या पोथीत काय आहे ते वाचत बसली, आणि ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली तरी तिचं ते एकच पान चाललं होतं.