मोठं उत्तर लिहिलं म्हणजे समजलं?

परीक्षा जवळ आल्या की शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. म्हणणं असं: बहुपर्यायी प्रश्न म्हणजे मटका, त्यातून फार तर पाठांतर कळतं; संकल्पना किती खोल उतरली ते दीर्घोत्तरी प्रश्नच सांगतात.

'नशिबाने मार्क मिळतात.' मिळतात, पण किती? पाच पर्यायांचे 30 प्रश्न अंदाजपंचे सोडवले तर सरासरी 6.

'पर्यायांतून पाठांतरच कळतं.' हा दावा सगळ्यात कच्चा. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही बलाच्या संकल्पनेवरची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. अवजड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळतात. कोण कोणावर जास्त बल लावतं? चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच समजुतींतून उचललेले, त्यामुळे 'ट्रकच जास्त लावणार' हा पर्याय खुणावत राहतो. खरं तर दोघंही सारखंच बल लावतात. न्यूटनचा तिसरा नियम स्वल्पविरामासकट लिहिणारेही इथे घसरतात. हेस्टेनीस यांचीच आधीची अशी एक चाचणी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? पाठांतर तपासणाऱ्या पेपरात हा प्रश्न कुणाला पडत नाही.

'दीर्घ उत्तरात विचार दिसतो.' प्रश्न नवा असेल तर दिसतो. पण 'शास्त्रीय कारणे द्या'ची उत्तरं गाईडात तयार असतात आणि गठ्ठा उपसणारा तपासनीस मुद्दे मोजून मार्क देतो. बिचारा दुसरं करणार तरी काय?

एक मात्र मान्य: पर्यायावरच्या एकट्या खुणेवर विसंबू नये. 0.75 आणि 0.5 यांत मोठी संख्या कोणती? 'पंचाहत्तर पाचापेक्षा मोठे' म्हणणारं मूलही बरोबर ठरतं. 0.45 आणि 0.8 दिले की ते सापडतं. पण 'शतांश म्हणजे बारीक तुकडे, म्हणून दशांशवाली संख्याच मोठी' असं धरून चालणारं दुसरं मूल याच प्रश्नात सुटतं आणि पहिल्यात चुकतं. दोन्ही जोड्या एकाच पेपरात द्या, कोण कुठे अडकलंय ते दोन खुणांत कळतं. ज्याच्या दोन्ही बरोबर आल्या, त्याला फळ्याशी बोलावून 0.5 आणि 0.50 यांत मोठी कोणती ते विचारा.