हेडलाईटच्या कारणावरून पासिंग नाकारले गेल्याबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे असे आहे की, १५ वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्यापूर्वी आपण आमच्याकडे हेडलाईटचे सेटिंग करून घेतले, त्याचे पैसे दिले, आणि तरीही पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीत, निरीक्षकांनी नेमक्या हेडलाईटवरच बोट ठेवून गाडी नापास केली. दिव्यांचा उजेड पूर्वीपेक्षा किती तरी वाढलेला असताना असे होते, याचा अर्थ गॅरेजवाले आणि तपासणारे यांचे साटेलोटे आहे, असेही आपण लिहिले आहे, आणि सेटिंगचे पैसे परत मागितले आहेत. हा आरोप चारचौघांत झालेला असल्यामुळे त्याचे उत्तरही चारचौघांतच देणे मला भाग आहे.

आपली गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात कंपनीने दिलेले हॅलोजन बल्ब नव्हते. त्या जागी बाजारातून घेतलेले एलईडी बल्ब बसवलेले होते. हे बल्ब या हेडलाईटमध्ये फोकस धरत नाहीत आणि मूळ बल्ब लावल्याखेरीज पासिंगची खात्री देता येणार नाही, असे आमच्या कारागिराने आपल्याला त्याच वेळी सांगितले होते. तेच वाक्य बिलावर लिहिलेले असून त्याखाली आपली सही आहे. बल्ब नुकतेच घेतलेले आणि महाग असल्याने ते काढायचे नाहीत, दिवे फक्त खाली करून द्या, असा आपला आग्रह होता. त्याप्रमाणे गंजून घट्ट बसलेले सेटिंगचे स्क्रू मोकळे करणे, डाव्या दिव्याची हलणारी पकड घट्ट करणे आणि दोन्ही दिव्यांची उंची जुळवणे ही कामे आम्ही केली, आणि पैसे घेतले ते या कामांचे. तपासणीनंतर आपल्याला मिळालेल्या कागदावर दिव्यांच्या उंचीबद्दल एक शब्दही नाही. त्यावर शेरा आहे तो दिवा डिपरवर, म्हणजे झोत खाली केलेला, असतानाही उजेड समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, असा.

मुळात हेडलाईटची तपासणी उजेड किती पडतो एवढ्यापुरती नसते. तो कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, हे त्यात अधिक महत्त्वाचे असते. आपल्या गाडीचा मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा आहे आणि त्यात उजेड देणाऱ्या दोन बारीक तारा असतात, एक लांबच्या झोतासाठी आणि एक डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूला जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या चकचकीत भागाचा, फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तेथून सगळा प्रकाश रस्त्याकडे खाली वळतो. भिंतीसमोर गाडी उभी केली की, उजवीकडे आडवी आणि डावीकडे किंचित वर चढत गेलेली अशी उजेडाची स्वच्छ कडा दिसते. उजवीकडून समोरची वाहने येतात म्हणून तिकडे उजेड दाबलेला, आणि डावीकडे रस्त्याची कड व पायी चालणारे दिसावेत म्हणून तिकडे थोडा उचललेला. १० मीटर अंतरावर ही कडा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली असावी लागते.

रिफ्लेक्टरची प्रत्येक वळणदार पट्टी त्या बारीक तारेची जागा धरूनच घडवलेली असते. एलईडी बल्बमध्ये तार नसते. एका पातीच्या दोन बाजूंना उजेड देणाऱ्या बारीक चिप चिकटवलेल्या असतात, पातीला स्वतःची जाडी असते आणि होल्डरमध्ये ती किंचित जरी फिरून बसली तरी उजेडाचा उगम सरकतो. आपली गाडी आमच्या मागच्या भिंतीसमोर लावली तेव्हा कडा अशी दिसतच नव्हती. मध्ये एक पांढराशुभ्र गोळा, त्याच्या वर छताच्या पत्र्यापर्यंत उडालेला उजेड आणि डाव्या कोपऱ्यात काळपट पट्टा, हे आपण आमच्या कारागिराच्या शेजारी उभे राहून पाहिले आहे. स्क्रू फिरवून हा गोळा वर किंवा खाली नेता येतो, पण त्यातून कडा तयार होत नाही. मर्यादेपेक्षा खाली नेला तर आपल्यालाच पुढचा रस्ता दिसणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्याचा झोत इतका खाली वळलेला असावा लागतो की, ८ मीटर अंतरावर उभ्या असलेल्या व जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे, ती वेगळीच. निरीक्षकांनी यात काही जगावेगळे केले, असे मला वाटत नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात या नियमाची गरज मला रोज जाणवते. गळीत हंगाम सुरू झाला की कोरेगाव-रहिमतपूर भागातल्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात, आणि त्यांतल्या अनेकींना मागे धड दिवा नसतो, उजेडात चमकणारी पट्टी नसते. समोरून पांढरा झोत अंगावर आला की पुढचे काही क्षण दुचाकीस्वाराला काहीच दिसत नाही, आणि नेमकी त्याच क्षणी पुढे ट्रॉली असते. पसरणी घाटाच्या वळणावर तर दिपलेल्या माणसाला बाजूला घ्यायलाही जागा नसते. अशा अपघातांतून चेपून आलेल्या दुचाक्या आमच्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून या बाबतीत मी हट्टी आहे आणि हट्टीच राहीन.

याच कारणासाठी आपली दुसरी सूचनाही मी मान्य केली नाही. पासिंगपुरते जुने बल्ब लावा आणि गाडी पास झाली की एलईडी परत बसवून द्या, असे आपण म्हणाला होता. असे करून देणारे पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. आमच्याकडे ते होणार नाही.

साटेलोट्याच्या आरोपाबद्दल एवढेच लिहितो की, नवी हेडलाईट असेंब्ली, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसह अख्खा दिवा, घ्या असे आम्ही आपल्याला एकदाही म्हटलेले नाही. आपले रिफ्लेक्टर चांगले आहेत. काच थोडी पिवळी पडली आहे, ती पॉलिश करून निघेल. आम्ही सुचवलेला खर्च फक्त साध्या बल्बच्या जोडीचा होता, आणि तेही आपले जुने बल्ब हरवले असतील तरच.

तरीही निकाल चुकीचा आहे असे आपले मत कायम असेल, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आपल्याला आहे. अधिनियमाच्या कलम ५७ अन्वये नोंदणी प्राधिकाऱ्याच्या आदेशाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्यासाठी आमचे बिल, त्यावरील शेरा किंवा आम्ही केलेल्या कामाचा लेखी तपशील लागला, तर तो मी विनाविलंब देईन. मात्र हेच बल्ब ठेवून केलेले अपील टिकेल असे मला वाटत नाही, आणि त्या खटपटीपेक्षा दोष दूर करून गाडी पुन्हा तपासणीला नेणे आपल्या वेळेच्या व पैशाच्या दृष्टीने सोयीचे ठरेल.

झालेल्या कामाचे पैसे मी परत करणार नाही. परंतु मूळ प्रतीचे हॅलोजन बल्ब बसवून आपण गाडी आणलीत, तर सेटिंग पुन्हा मोबदला न घेता करून देईन. येताना तपासणीचा कागद सोबत आणावा, चारही चाकांत हवा बरोबर असावी आणि डिकी रिकामी करून यावे, कारण मागे वजन असले की दिवे वर उचलले जातात. डॅशबोर्डवरचे दिव्यांच्या उंचीचे बटण शून्यावर ठेवावे. शक्यतो दिवस मावळल्यावर यावे, म्हणजे भिंतीवरची कडा आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खात्री करता येईल.

आपला,
गॅरेजमालक, सातारा