एक टक्का बोर्डो

इटलीत वाइनच्या बाटलीवर सगळं छापलेलं असतं. मालकाच्या खापरपणजोबांचं नाव, वाड्याचं चित्र, घराण्याचा सिंह, साल, टक्केवारी, गरोदर बाईने पिऊ नये अशी खूण. आत कुठलं द्राक्ष आहे, एवढं मात्र बहुतेक वेळा नसतं. ते तुम्हाला ठाऊकच असणार हे गृहीत. ठाऊक नसेल तर इथे उभे कशाला राहिलात, अशा नजरेने तो सिंह आपल्याकडे बघत असतो.

मी तुरीनला राहतो. पुण्याहून गाड्यांच्या डिझाइनच्या कामासाठी इकडे आलेल्या मंडळींपैकी एक. इथे कुणी जेवायला बोलावलं की हातात बाटली घेऊन जायची रीत आहे, त्यामुळे सुपरमार्केटातल्या त्या लांबच लांब फळ्यांसमोर उभं राहणं काही चुकत नाही. शेजारी एखादी आजी येते, न बघता हात घालते, बाटली पिशवीत टाकते आणि चालू पडते. ती शाळेत जायच्या आधीपासून हे शिकलेली आहे. मी चाळिशीत सुरुवात केलीय.

आता बघा. बार्बेरा हे द्राक्ष. बार्बारेस्को हे गाव. बार्बारेस्कोच्या वाइनमध्ये बार्बेरा नसतं, नेब्बियोलो असतं. बारोलो हेही गाव, त्यातही नेब्बियोलोच. हेच नेब्बियोलो गात्तिनाराच्या बाजूला गेलं की स्पान्ना होतं आणि वाल्तेल्लीनाच्या डोंगरात कियावेन्नास्का. एवढं पाठ झालं की तोस्काना, म्हणजे टस्कनी, सुरू. मोंतेपुल्चानो नावाचं द्राक्ष आहे, ते पिकतं आब्रुत्सोत. मोंतेपुल्चानो नावाचं गाव आहे, ते तोस्कानात. त्या गावची वाइन मोंतेपुल्चानोची नसते, सांजोवेझेची असते. पण गावात सांजोवेझे म्हणायचं नाही. तिथे ते प्रुन्योलो जेंतिले. मोंताल्चिनोत ब्रुनेल्लो. स्कान्सानोत मोरेल्लीनो. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे ना, तसं या बिचाऱ्या सांजोवेझेचं गावोगावी लग्न लागलंय आणि माहेरचं नाव काढलेलं एकाही सासरी खपत नाही. अकलूजकडे लावलेल्या सांजोवेझेला बाटलीवर सरळ सांजोवेझेच म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात असली थेरं चालत नाहीत.

बरं, इटलीच्या सरकारने मदत केलीय. 1963 साली कायदा करून डीओसी हा दर्जा आणला, म्हणजे कुठल्या भागातली वाइन कशी करायची याचे नियम, आणि 1980 पासून त्याच्याही वरचा डीओसीजी द्यायला सुरुवात केली. शेवटचा जी गॅरंटीचा. बाटलीच्या गळ्याला नंबर घातलेली सरकारी पट्टी असते, ती बघून घ्यायची. झालं, सुटलो म्हणावं तर तेवढ्यात ऑफिसातलं कुणीतरी सास्सिकायाची गोष्ट सांगतं. ही तोस्कानाच्या समुद्राकाठची वाइन. हिचं 1968 चं पीक पहिल्यांदा बाजारात आलं. द्राक्षं फ्रेंच असल्यामुळे नियमांत बसेना, म्हणून सरकारदरबारी तिची जागा सगळ्यांत खालच्या वर्गात, जेवणाबरोबर घ्यायच्या साध्या वाइनमध्ये. किंमत मात्र अशी की गॅरंटीवाल्यांनी माना खाली घालाव्यात. शेवटी 1994 मध्ये त्या भागाचे नियमच तिच्या मापाने बेतून घेतले. म्हणजे पट्टी बघूनही घ्यायची नाही. मग काय बघून घ्यायची? यावर ऑफिसात खांदे उडवतात.

मी असा टेकीला आलेलो असताना तासगावहून मामा-मामी आले.

मामा द्राक्षबागायतदार. एप्रिलची खरड छाटणी झालेली, सबकेनची, म्हणजे नव्या फुटव्यांची, कामं थोरल्याच्या गळ्यात घातलेली, ऑक्टोबर छाटणीला अवकाश. द्राक्षवाल्याच्या पंचांगात फुरसत म्हणतात ती एवढीच. मी त्यांना कोलोसियम, पिसाचा मनोरा वगैरे यादी वाचून दाखवली. मामा म्हणाले, "ते बघू मागनं. आधी बाग दाखीव."

बारोलो तुरीनहून गाडीने तासाभरावर आहे. टेकड्यांवर टेकड्या आणि सगळीकडे वेलींच्या ओळी, केसांतून कंगवा फिरवावा तशा. 2014 पासून हा मुलूख युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि जमीन हेक्टरी दहा लाख युरोंच्या पुढे जाते. हा आकडा मी मामांना लगेच सांगितला नाही.

एका वाइनरीत आम्हाला फिरवायला एक तरुण मुलगी होती. अंदाज घ्यावा म्हणून तिने हसून मामांना विचारलं, "वाइनची आवड आहे का? बोर्डो वगैरे माहीत असेल?"

बोर्डो म्हटल्यावर मामांचा चेहरा उजळला. "म्हाईत? आयुष्यभर मारलंय की. एक टक्का. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. डावणीवर त्याच्यासारखं औषध न्हाई."

मी जमेल तसं भाषांतर केलं. फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध गावाच्या नावाचं मिश्रण आमच्याकडे फवारतात, हे कळल्यावर ती मुलगी क्षणभर गप्प झाली आणि आत जाऊन बागेवरच्या म्हाताऱ्याला घेऊन आली. म्हातारा कामातून उठून आलेला. मामांनी त्याच्या सदऱ्याची बाही धरली, कडेला वाळलेला निळसर डाग नखाने खरवडला आणि म्हणाले, "मोरचूद." म्हातारा म्हणाला, "रामे." म्हणजे तांबं, मोरचुदातलं. तिथून पुढे मी फक्त आकडे सांगायचं काम केलं.

"एकरी किती निघतंय?" मामांचा पहिला प्रश्न. बारोलोला हेक्टरी आठ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन.

"टन? आन् निघत न्हाई का निघू देत न्हाईत?"

"निघू देत नाहीत. कायदा आहे. जुलैत हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "दहाच्या खाली आलं तर आमच्यात सोसायटीवाला कर्जवसुलीला दारात येतोय."

ठिबक कुठे दिसेना म्हणून त्यांनी पाण्याचं विचारलं. नेहमीचं पाणी द्यायचं नाही, वेल करपायला लागला तरच, असा नियम. ज्या माणसाने दुष्काळात टँकर विकत घेऊन बाग जगवली, त्याला हे ऐकवणं मला जड गेलं. मग म्हाताऱ्याची पाळी आली. आमच्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात, हे त्याला काही केल्या पटेना. थंडीत पानं गळून वेल झोपला पाहिजे, मगच छाटणी. "तुमच्याकडे वेल झोपतो कधी?" त्याने विचारलं.

"झोपू देतंय कोण?" मामा म्हणाले.

मग तळघर. मोठमोठी लाकडी पिंपं, गारवा, अंधार. बारोलो अडतीस महिने मुरल्याशिवाय विकता येत नाही आणि त्यातले अठरा महिने लाकडात गेले पाहिजेत, असं ती मुलगी अदबीने सांगत होती. मामांनी कुजबुजत विचारलं, "तवर व्याज कोण भरतंय?" हे मी भाषांतरित केलं नाही, पण म्हाताऱ्याला कळलं असावं. तो मोठ्याने हसला.

चव घ्यायचा कार्यक्रम सगळ्यांत अवघड. पेला देठाला धरायचा, गरगर फिरवायचा, नाक आत घालायचं आणि कशाकशाचे वास येतात ते सांगायचं. बारोलोत डांबर आणि गुलाब यांचा वास येतो, हे इथलं शास्त्रवचन आहे. मी इतकी वर्षं मान डोलावून डांबर आणि गुलाब म्हणत आलोय. मामांनी वास घेतला आणि खिडकीबाहेर बघून म्हणाले, "रस्त्याचं काम चाललंय वाटतं कुठंतरी." मामी वाइन पीत नाहीत, पण वास घ्यायला त्यांची ना नव्हती. "गुलाब काय, त्यांनी वळीच्या टोकाला लावलेतच की," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

एक घोट घेतल्यावर मामांचं तोंड आकसलं. बारोलोचा तुरटपणा पहिल्यांदा पिणाऱ्याला सोडत नाही. मुलीने समजावलं की ही अजून कोवळी आहे, आणखी दहा वर्षं ठेवली तर मऊ होईल. मामांनी मला विचारलं, "मग फोडली कशाला?" या प्रश्नाचं उत्तर इटलीत अजून मला कुणी दिलेलं नाही.

पुढे व्हेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लात गेलो. माळ्यावर रिकाम्या फळ्यांचे थरच्या थर रचलेले. मामा दारातूनच म्हणाले, "बेदाण्याचं श्याड हाय." आमारोने नावाच्या वाइनसाठी द्राक्षं तोडून तीन-चार महिने अशीच सुकवतात आणि मग त्यांची वाइन करतात, हे ऐकल्यावर त्यांना त्या लोकांची कीव आली. "बेदाणा टाकला आन् निम्म्यात धीर सुटला." बाटलीची किंमत सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मामींशी मात्र हलक्या आवाजात काहीतरी हिशेब चालला होता.

तिथून स्पेनला. स्पेन निदान वय तरी सांगतं. रियोहा भागातल्या वाइनच्या बाटलीवर मागच्या बाजूला रंगीत शिक्का असतो: लाल म्हणजे क्रियान्सा, दोन वर्षांची, त्यातलं किमान एक वर्ष पिंपात. काळपट तांबडा म्हणजे रेसेर्वा, तीन वर्षांची. निळा म्हणजे ग्रान रेसेर्वा, पाच वर्षांची, त्यातली दोन पिंपात. हिरवा असेल तर वयाची हमी नाही. मामांना हे आवडलं. बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो तसा टॅग, आणखी काय पाहिजे? नावांचा घोळ इथेही आहेच. तेंप्रानिल्यो हे मुख्य द्राक्ष रिबेरात तिंतो फिनो होतं, ला मांचात सेंसिबेल, तोरोत तिंता दे तोरो, कातालान लोकांत उल दे येब्रे. पण आता मी शहाणा झालो होतो. मान डोलावली आणि शिक्का बघितला.

आरो या गावी आम्ही मुद्दाम 29 जूनला पोचलो. त्या दिवशी सकाळी गावकरी पांढरे कपडे आणि लाल रुमाल घालून शेजारच्या कड्यावर चढतात, देवळात प्रार्थना होते आणि मग हजारो माणसं एकमेकांना लाल वाइनने भिजवतात. बादल्यांनी, बाटल्यांनी, चामड्याच्या पिशव्यांनी. सव्वातीन टनांवरून मामांचं मन अजून उठलेलं नव्हतं. ते कडेला उभे राहून ही नासाडी बघत होते. एवढ्यात एक पोरगा समोरून गेला. त्याच्या पाठीला फवारणीचा पंप, एका हाताने दांडा मारतोय आणि दुसऱ्या हातातल्या नळीतून वाइन उडवतोय. नुसती चिळकांडी, धड फवारा नाही.

"आरं, नोझल उलटं लावलंय येड्यानं," मामा म्हणाले आणि गर्दीत शिरले. पोराला थांबवून त्यांनी नोझल फिरवून काढलं, फुंकर मारली, नीट बसवलं, पंप स्वतःच्या पाठीला अडकवला आणि चाचणी म्हणून एक हात मारला. एकसारखा, बारीक, पानाच्या खालच्या बाजूलाही लागेल असा फवारा. स्पॅनिश मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या तासाने परत आले तेव्हा टोपीपासून चपलेपर्यंत जांभळे होते आणि मामी त्यांना ओळख देईनात.

त्या रात्री गावातली पोरं तीच लाल वाइन कोलात मिसळून बर्फ टाकून पीत होती. कालिमोचो म्हणतात त्याला. डांबर नाही, गुलाब नाही, कुणी नाक घातलं नाही. आम्ही जेवायला बसलो. शेवटी मामींसाठी व्हॅनिला आइस्क्रीम मागवलं, तर वेटरने विचारलं, वर पेद्रो हिमेनेस घालू का? मी काही बोलायच्या आत त्याने घातलंही. काळंभोर, काकवीइतकं दाट. दक्षिणेत उन्हात चटयांवर द्राक्षं वाळवून ही वाइन करतात.

मामींनी चमचा तोंडात घातला आणि थांबल्या. "काय आहे रे हे?"

"बेदाण्याचा पाक," मामा माझ्याआधी घाईने म्हणाले.

मामींनी वाटी स्वच्छ केली. चमचा नीट आडवा ठेवला. "पंधरा टक्के छापलंय त्या बाटलीवर," त्या म्हणाल्या. "आकडे मला वाचता येतात. अहो, चाळीस वर्षं बेदाणा केलात, हे का नाही केलंत कधी?"

मामांना उत्तर सुचेना.

"अजून एक सांग रे त्याला," मामी मला म्हणाल्या. "आइस्क्रीम जरा कमी घाल म्हणावं."